फिफ्थ-व्हील ट्रेलरचे ॲक्सल आणि सस्पेन्शन

फिफ्थ-व्हील ट्रेलर म्हणजे पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या जोडणीवर आपले नाक टेकवून ओढले जाणारे चाकांवरचे घर. अमेरिका आणि कॅनडात सुट्टीच्या प्रवासासाठी, आणि निवृत्तीनंतर कायम फिरतीवर राहण्यासाठीही, अशी घरे मोठ्या संख्येने वापरली जातात. ट्रेलरच्या पुढच्या भागातून खाली आलेला दोन इंच व्यासाचा किंगपिन ट्रकवरच्या जोडणीत अडकतो आणि सगळी ओढ त्या एका पिनेतून जाते. न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघणारे मोठे ट्रेलर ज्या तत्त्वावर जोडलेले असतात, तेच तत्त्व येथे लहान प्रमाणात वापरलेले असते. विमानविद्येतले अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात याच पद्धतीने जोडला जाणारा ‘एरोकार’ नावाचा प्रवासी ट्रेलर बांधला होता. आज या उद्योगाचे केंद्र इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट शहरात आणि त्याच्या परिसरात आहे. ट्रेलर आणि त्यांना लागणारे ॲक्सल, पाटे आणि चेसिस यांचा मोठा भाग तिथेच तयार होतो.

या ट्रेलरचे १५ ते २५ टक्के वजन पिनेवाटे ट्रकवर जाते आणि उरलेले मागच्या ॲक्सलवर पडते. बहुतेक ट्रेलरना दोन ॲक्सल असतात, फार मोठ्यांना तीन. ॲक्सलची क्षमता पौंडांत सांगतात आणि बाजारात मालही त्याच आकड्यांनी ओळखला जातो. मोठ्या फिफ्थ-व्हीलखाली सर्वाधिक आढळतो तो ७,००० पौंडी ॲक्सल, म्हणजे सुमारे ३,१७५ किलो पेलणारा. त्याच्या वरची पायरी ८,००० पौंडी, सुमारे ३,६३० किलोची.

कारखान्यातून निघतानाच या ॲक्सलवर राखीव क्षमता फार थोडी असते. समजा एका ट्रेलरचे कमाल अनुज्ञेय वजन १६,००० पौंड आहे. त्यातले २० टक्के, म्हणजे ३,२०० पौंड, पिनेवर गेले असे धरले तर ॲक्सलवर १२,८०० पौंड उरतात. ७,००० पौंडी दोन ॲक्सल मिळून १४,००० पौंड पेलतात, त्यामुळे कागदावर हिशेब जमतो. पण पिनेवरचा भार गृहीत धरल्यापेक्षा कमी निघाला, मागच्या कप्प्यात अवजारे आणि खुर्च्या भरल्या, पाण्याची टाकी काठोकाठ भरली की ही शिल्लक संपते. १०० गॅलनची टाकी भरली की एकट्या पाण्याचेच ३८० किलो वाढतात. शिवाय ॲक्सलची क्षमता स्थिर भारासाठी मोजलेली असते. पुलाच्या सांध्यावर किंवा खड्ड्यात चाक आदळते तेव्हा क्षणभर त्याहून कितीतरी जास्त बळ लागते. ज्या ट्रेलरचे ॲक्सल रोजच मर्यादेच्या काठावर चालतात, त्याला असा प्रत्येक धक्का महागात पडतो.

सर्वसाधारण रचना पाट्यांची असते. प्रत्येक चाकामागे एक पाटा आणि त्याच्या दोन्ही टोकांना डोळे. पुढच्या पाट्याचे पुढचे टोक आणि मागच्या पाट्याचे मागचे टोक चेसिसला वेल्ड केलेल्या हँगरला बोल्टने थेट जोडलेले असते. मधली दोन टोके शॅकलच्या पट्ट्यांनी इक्वलायझर नावाच्या आडव्या तरफेला लटकतात आणि ही तरफ मधल्या हँगरवर झुलते. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की तरफ कलते आणि भाराचा काही हिस्सा मागच्या पाट्याकडे जातो. ॲक्सलची नळी यू-बोल्टांनी पाट्याला आवळलेली असते. शॉक ॲब्सॉर्बर बहुतेक ट्रेलरना नसतातच. झोका शमवण्याचे काम पाट्याच्या पानांचे एकमेकांवरचे घर्षण जेवढे करील तेवढेच.

ही रचना स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी आहे, म्हणून टिकून राहिली आहे. तिची कमजोरी सांध्यांत असते. पाट्याच्या डोळ्यात आणि इक्वलायझरमध्ये कारखान्यात बसवलेले बुश बहुतेकदा प्लास्टिकचे असतात आणि त्यांना वंगण पोहोचण्याची सोय नसते. हे बुश झिजून पातळ होतात, मग फाटून बाहेर येतात आणि त्यानंतर बोल्ट थेट पाट्याच्या पोलादावर घासू लागतो. पाव इंच जाडीच्या शॅकलपट्टीतले गोल भोक हळूहळू लांबट होते. अशी पट्टी काढून हातात घेतली तर भोकाची एक कड चकचकीत आणि धारदार झालेली दिसते, आणि दोन भोकांच्या पलीकडे उरलेले पोलाद नखाएवढे पातळ झालेले असते. त्यापुढे पट्टी तुटणे एवढेच बाकी असते. ती तुटली की पाट्याचे टोक सुटते, ॲक्सल मागे सरकतो आणि एका बाजूची दोन चाके एकमेकांना घासू लागतात. एरवीही त्या दोन टायरमध्ये अंतर काही इंचांचेच असते.

दुसरी कमजोर जागा हँगरची. दोन ॲक्सलचा ट्रेलर घट्ट वळणावर वळवताना, विशेषतः कॅम्पच्या जागेत मागे घेताना, पुढची चाके एका दिशेला आणि मागची विरुद्ध दिशेला फरफटली जातात. ही आडवी ओढ टायरमधून पाट्यात आणि पाट्यातून हँगरमध्ये जाते. लांब, अरुंद हँगर त्या ओढीने वाकतो, पुन्हा सरळ होतो, पुन्हा वाकतो. अखेर वेल्डिंगच्या कडेला केसासारखी भेग पडते. तिथला रंग उडून गंजाची रेघ उमटली असेल तर ती याचीच खूण समजावी. ॲक्सलची नळी वाकल्याची खूण टायरवर मिळते. कारखान्यात नळीला मुद्दाम वरच्या बाजूला थोडा बाक दिलेला असतो, म्हणजे भार आल्यावर चाके सरळ उभी राहतात. सततच्या जास्त भाराने हा बाक निघून गेला की चाकांचे माथे आत झुकतात आणि टायरची आतली कड बाहेरच्या कडेच्या कितीतरी आधी झिजते.

म्हणून कोणताही सुटा भाग विकत घेण्याआधी ट्रेलर वजनकाट्यावर न्यावा लागतो, आणि तोही प्रवासाला निघताना जसा भरलेला असेल तसाच. अमेरिकेत महामार्गांवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल कंपनीचे काटे असतात. आयोवातल्या वॉलकॉट येथे १९७७ साली सुरू झालेल्या या कंपनीच्या काट्याचे वेगवेगळे भाग असतात, त्यामुळे ट्रकचा पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल यांचे वजन एकाच फेरीत वेगवेगळे कळते. ट्रेलर सोडून नुसत्या ट्रकचे वजन पुन्हा घेतले की वजाबाकीने पिनेवरचा भार निघतो. तरीही एक गोष्ट या काट्यावर समजत नाही, ती म्हणजे प्रत्येक चाकावरचा भार. त्यासाठी चाकागणिक वजन करून देणारी सेवा शोधावी लागते. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन येथील एस्केपीज ही प्रवाशांची संघटना असे वजन करून देते.

चाकागणिक वजनाचा आग्रह का, हे एका हिशेबाने समजते. ॲक्सलवर एकूण १२,६०० पौंड आहेत, म्हणजे १४,००० च्या क्षमतेपैकी ९० टक्के. वरकरणी सगळे ठीक आहे. पण स्वयंपाकघर, फ्रिज आणि बाहेर सरकणारी खोली बहुधा एकाच बाजूला असते. समजा डाव्या बाजूला ६,९०० आणि उजव्या बाजूला ५,७०० पौंड पडले. त्यातच ट्रेलरचे नाक वर असेल तर मागच्या ॲक्सलवर भार सरकतो आणि डावीकडची दोन चाके ३,२०० आणि ३,७०० पौंड उचलतात. मागच्या डाव्या चाकाची मर्यादा ३,५०० पौंडांची आहे. एकूण बेरीज सुरक्षित असतानाही एक पाटा, एक टायर आणि एक बेअरिंग मर्यादेबाहेर राबत असते आणि नेमके तिथलेच टायर रस्त्यात फुटते. अशा ट्रेलरला नवे ॲक्सल बसवण्याआधी सामान उजवीकडे हलवणे आणि ट्रेलर जमिनीला समांतर करणे हा उपाय आहे, आणि त्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

वजन मर्यादेत असेल तर बहुतेकांना लागते ती सांध्यांची बळकटी. प्लास्टिकच्या जागी कांस्याचे बुश, पाव इंचाऐवजी अर्धा इंच जाडीच्या शॅकलपट्ट्या आणि आतून पोकळ, डोक्यावर ग्रीस निपल असलेले बोल्ट असा संच तयार मिळतो. खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त फायदा देणारी सुधारणा हीच, असे म्हणायला हरकत नाही. ती बसवताना मात्र दोन गोष्टी नेमक्या पाळाव्या लागतात. या बोल्टच्या मानेवर दाते असतात. ते पट्टीच्या भोकात हातोड्याने ठोकून बसवायचे असतात. पान्याने बोल्ट फिरवून आत ओढला तर दाते भोक कोरतात, पकड जाते आणि पुढे बोल्ट बुशऐवजी पट्टीतच फिरू लागतो. दुसरे, बोल्टमधले ग्रीस बाहेर येण्याचे भोक भार दाबत असलेल्या बाजूला ठेवू नये. ते आडवे ठेवले तरच ग्रीस बाहेर पडून बुशभर पसरते. भार असताना ग्रीस जात नसेल तर चेसिसखाली जॅक लावून सांधा मोकळा करावा. याच कामात डाव्या-उजव्या हँगरना जोडणारा आडवा पोलादी आधार बसवला की वळणावरची आडवी ओढ एकट्या हँगरवर येत नाही.

धक्के कमी करणे हा वेगळा प्रश्न आहे, आणि क्षमता वाढवण्याशी त्याची गल्लत सर्वांत जास्त होते. जास्त क्षमतेचा पाटा जास्त ताठ असतो. ट्रेलरचे वजन तेच ठेवून ८,००० पौंडी पाटे घातले तर ते आधीपेक्षा कमी दबतात, रस्त्यावरचा धक्का चेसिसमध्ये जास्त जोराने पोहोचतो, कपाटांचे स्क्रू ढिले होतात आणि भांडी फुटतात. मऊ चाल हवी असेल तर साध्या इक्वलायझरच्या जागी रबरी इक्वलायझर बसवतात. एल्कहार्टच्या मोरराइड कंपनीची रचना प्रसिद्ध आहे. तिच्यात दोन पोलादी भागांमध्ये चिकटवलेले रबर कातरीच्या दिशेने ताणले जाते आणि त्यामुळे सांध्याला सुमारे तीन इंचांची जादा हालचाल मिळते. शॉक ॲब्सॉर्बरचे संचही वेगळे मिळतात. ते भार उचलत नाहीत, फक्त उसळी लवकर शमवतात, म्हणून खचलेल्या पाट्यावर त्यांचा काही उपयोग नसतो. ट्रकमध्ये बसलेल्याला जाणवणारे पुढेमागे हिसके बहुधा पिनेच्या जोडणीतून येतात. त्यावर रबर किंवा हवेची उशी असलेला पिनबॉक्स, म्हणजे किंगपिन धरून ठेवणारा ट्रेलरचा भाग, हा उपाय असतो, ॲक्सल बदलणे नव्हे.

चाकागणिक वजन घेतल्यावर, सामान हलवून पाहिल्यावरही भार मर्यादेला भिडत असेल, किंवा नळी वाकलेली असेल, तर ८,००० पौंडी ॲक्सलचा विचार योग्य ठरतो. हा बदल नळीपुरता राहत नाही. ॲक्सल, पाटा, चाकाची रिम आणि टायर या साखळीत ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच त्या ॲक्सलची खरी क्षमता. एसटी २३५/८० आर १६ मापाचे ‘ई’ श्रेणीचे टायर ८० पीएसआय हवेला ३,५२० पौंड उचलते. अशी दोन टायर मिळून ७,०४० पौंड झाले. ७,००० च्या ॲक्सलला ती कशीबशी पुरतात. ८,००० च्या ॲक्सलला चाकामागे ४,००० पौंड लागतात, म्हणजे ११० पीएसआयची ‘जी’ श्रेणीची टायर आलीच. काही जण त्याहून पुढे जाऊन साडेसतरा इंची ‘एच’ श्रेणीची टायर घालतात. एवढ्या दाबाला जुनी रिम चालेल का, हे तिच्यावर कोरलेल्या आकड्यावरून तपासावे लागते. रबरी व्हॉल्व्हऐवजी धातूचे व्हॉल्व्हही घालावे लागतात.

ब्रेकचा फरक तर मोठाच आहे. ७,००० पौंडी ॲक्सलवर १२ इंच व्यासाचे आणि २ इंच रुंदीचे विद्युतचुंबकी ड्रम ब्रेक असतात. ८,००० पौंडीवर १२¼ इंच व्यासाचे आणि ३⅜ इंच रुंदीचे. घासपट्टीची रुंदी दीडपटीहून जास्त वाढल्याने डोंगरउतारावर ब्रेक उशिरा तापतात. ॲक्सल बदलायचाच असेल तर डिस्क ब्रेकचा पर्याय त्याच वेळी तपासणे शहाणपणाचे, कारण नंतर ते काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. डिस्क ब्रेकना द्रवदाब लागतो. ट्रककडून येणारा विजेचा संदेश द्रवदाबात बदलणारे यंत्र ट्रेलरमध्ये बसवावे लागते, आणि ट्रकमधला ब्रेक कंट्रोलर अशा यंत्राशी जुळणारा आहे की नाही हे आधी पाहावे लागते. ड्रमच ठेवायचे असतील तर ब्रेकच्या वायरींकडे लक्ष द्यावे. बारा इंची ब्रेकचा एकेक चुंबक सुमारे तीन अँपिअर वीज घेतो, चार चुंबक बारा. कारखान्यात अनेकदा बारीक वायर नळीच्या आतून ओढलेली असते. ती आत घासून सोलवटते आणि ब्रेक निम्म्या जोराने लागतात. नळीच्या बाहेरून, आवरणात घातलेली जाड वायर हा सोपा आणि कायमचा इलाज आहे.

यातून ट्रेलरचे कमाल अनुज्ञेय वजन मात्र वाढत नाही. तो आकडा निर्मात्याने प्रमाणपट्टीवर छापलेला असतो आणि त्यात चेसिस, पिनबॉक्स, हँगर, भिंती या सगळ्यांची ताकद धरलेली असते. १६,००० पौंडांचा ट्रेलर नव्या ॲक्सलनंतरही १६,००० पौंडांचाच राहतो. उलट जड ॲक्सल, रुंद ब्रेक आणि जाड रिम यांचे स्वतःचे वजन त्याच मर्यादेत बसवावे लागते, म्हणून सामानासाठी उरणारी जागा थोडी घटते. नवे ॲक्सल ही मर्यादेच्या आत राहणाऱ्यासाठी सुरक्षेची वाढ आहे. जास्त सामान भरण्याचा परवाना म्हणून त्याकडे पाहणे धोक्याचे आहे, कारण त्यानंतर आधी काय तुटेल हे ॲक्सल नाही तर चेसिस ठरवते.

पाट्यांना पूर्ण फाटा देणाऱ्या दोन रचना आहेत. एक टॉर्शन ॲक्सल. त्यात चौकोनी नळीच्या आत रबराच्या दोऱ्या दाबून बसवलेल्या असतात आणि चाकाची भुजा वर उठताना त्या पिळल्या जातात. युरोपातल्या कॅरॅव्हॅनखाली हीच रचना रूढ आहे. तिला शॅकल नाहीत, बुश नाहीत, ग्रीस नाही. पण दोन टॉर्शन ॲक्सलमध्ये भार वाटून घेणारा इक्वलायझरही नसतो. ट्रेलरचे नाक थोडे जरी वर राहिले तरी मागच्या ॲक्सलवर जास्त भार येतो. आणि रबर म्हातारे झाले की दुरुस्ती नाही, सबंध ॲक्सल बदलावा लागतो. ट्रकची उंची बदलत राहणाऱ्यांनी ही रचना टाळलेली बरी. दुसरी स्वतंत्र सस्पेन्शनची. तिच्यात आरपार जाणारी नळीच नसते, प्रत्येक चाक स्वतःच्या भुजेवर रबराच्या आधाराने हलते आणि चाकांचा कोन मोटारीसारखा जुळवून घेता येतो. टायरची झीज आणि धक्के या दोन्ही बाबतीत ती सर्वांत सरस आहे, पण तिच्यासाठी चेसिसखाली नवी चौकट बसवावी लागते. हे काम तिच्या निर्मात्याच्या कार्यशाळेत किंवा त्याने मान्य केलेल्या ठिकाणीच करून घ्यावे.

नवा ॲक्सल मागवताना जुन्याची मापे काटेकोर द्यावी लागतात: एका हबच्या तोंडापासून दुसऱ्या हबच्या तोंडापर्यंतचे अंतर, दोन पाट्यांच्या मध्यांमधले अंतर, पाटा नळीच्या वर बसतो की खाली, आणि चाकाच्या बोल्टांची संख्या व वर्तुळ. ७,००० पौंडी हबला आठ बोल्ट साडेसहा इंचांच्या वर्तुळावर असतात. पाटा नळीच्या खालून वर नेला की ट्रेलर काही इंच उंच होतो. ट्रकच्या हौद्याची कड आणि ट्रेलरचे पोट यांत साधारण सहा इंच जागा राहावी म्हणून काही जण असे करतात. उंची वाढवताना वरचा हिशेबही लागतो, कारण अमेरिकेतल्या बहुतेक पूर्वेकडच्या राज्यांत वाहनाच्या उंचीची मर्यादा १३ फूट ६ इंच आहे आणि छतावरचा वातानुकूलक धरून मोठे फिफ्थ-व्हील तिच्या अगदी जवळ असतात.

बसवताना ट्रेलर चेसिसवर उचलावा, ॲक्सलच्या नळीला जॅक लावू नये. नळीवर मनाला येईल तिथे वेल्डिंगही करू नये, उष्णतेने ती वाकते. यू-बोल्ट नवेच घ्यावेत. ॲक्सल जागेवर आला की किंगपिनच्या मध्यापासून पुढच्या ॲक्सलच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंतचे अंतर मोजतात. दोन्हींत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. मागचा ॲक्सल पुढच्याला समांतर हवा, तिथे दीड मिलिमीटरपर्यंतच सूट. हे माप चुकले तर ट्रेलर तिरका चालतो आणि नवी टायर एकाच मोसमात संपतात.

चाकांचे नट टॉर्क पान्याने आवळून पहिल्या १६, ४० आणि ८० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. यू-बोल्टही पहिल्या प्रवासानंतर पुन्हा आवळावेत, कारण पाटे बसताना ते ढिले होतात. नंतर ट्रेलर पूर्ण भरून पुन्हा काट्यावर न्यावा आणि चाकागणिक आकडे आधीच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवावेत. पहिल्या थांब्यावर चारही हबचे तापमान पाहावे. एखादा हब बाकीच्यांपेक्षा बराच गरम असेल तर तिथले बेअरिंग किंवा ब्रेक नीट बसलेले नाहीत. ते उघडून पाहिल्याशिवाय पुढचा प्रवास करू नये.